फाल्गुनातला नकार

फाल्गुन लागला की आमच्याकडे उन्हाला आवाज येतो. सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळपठारावरचे, गवत वाळून पिवळे पडलेले असते, काजूखालचा वाळल्या पानांचा पातेरा पायाखाली मोडतो, आणि दुपारच्या वाऱ्यात तो आपोआपही सरकतो; कुणीतरी मागून चालत यावे तसा. काजूच्या बोंडूंचा आंबटगोड, किंचित चढलेला वास कुंपणांवरून रस्त्यावर उतरतो. कैऱ्या सुपारीएवढ्या झालेल्या असतात आणि बागायतदार माणसे बोलता बोलता आभाळाकडे पाहतात. संध्याकाळी कुठल्यातरी वाडीत ढोल शेकून कुणीतरी त्याच्यावर हात चालवून बघतो. हा महिना मला लहानपणापासून आवडत आला. मागच्या वर्षापासून मात्र त्याची चाहूल लागली की प्रथम लाज वाटते. भीतीही वाटते, पण ती नंतर.

लिहिण्याची मला सवय नाही. आयुष्यभर इतरांनी लिहिलेले शिकवले, आणि तेही तासिका तत्त्वावर. शाळेतली संस्कृतची तुकडी विद्यार्थ्यांअभावी बंद झाली, तेव्हा पन्नाशी दृष्टिपथात आली होती. त्यानंतर दोन गोष्टी मी नव्याने शिकले: स्कूटर चालवणे आणि हे असे कागदावर काही मांडणे. दोन्हींत माझा तोल अजून पुरता सावरलेला नाही, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

रत्नागिरीतल्या एका कुरिअरच्या ऑफिसात मला काम मिळाले. घरोघर पार्सले पोहोचवण्याचे. तिथे आम्ही चौघी बायका होतो. आमचे गाव भाट्याच्या पुलापलीकडे. मी दादा-वहिनींकडे राहते. घरी मी सांगितले, की ऑफिसात टेबलाचे काम आहे. सकाळी एसटीने शहरात जायचे, ऑफिसाची स्कूटर घ्यायची, दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी पुन्हा एसटीने, हातात पर्स धरून, टेबलावरून उठून आल्यासारखे घरी यायचे. दादा विचारी, "काम काय असतं गो?" मी म्हणे, "नोंदी." वडील मुख्याध्यापक होते. गावात अजूनही आमच्या घराला मास्तरांचे घर म्हणतात. त्या घरातली मुलगी दारोदार खोकी घेऊन फिरते, हे कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा खोटे बोलणे मला सोपे वाटले.

म्हणून मी तोंड बांधत असे. उन्हासाठी सगळ्याच मुली ओढणी बांधतात, पण माझे बांधणे उन्हासाठी नव्हते. डोळ्यांवर काळा चष्मा, त्यावर हेल्मेट. ‘पार्सल’ आणि ‘ओटीपी’ या दोन शब्दांपलीकडे मी कुणाच्या दारात बोलत नसे. तेही आवाज जाड करून. आमच्याच गावच्या खालच्या वाडीचे पार्सल निघाले, की माझ्या हातांना घाम सुटे.

"बाई, एवढं तोंड बांधून बँक लुटायला चाललाव काय?" दर्शना विचारायची.

दर्शना आमच्यात सर्वांत लहान. मिरकरवाड्याची. आई मासे विकते. तिची कामाची रीत माझ्या नेमकी उलट. फाटकाबाहेर स्कूटर उभी करायची, हॉर्न द्यायचा आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक घालायची: "मी दर्शना, मिरकरवाड्याची, सुमन मासेवालीची पोर. पार्सल हाय." आमच्या भागात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ‘कुठली?’ असा नसतो, ‘कुणाची?’ असा असतो. ती प्रश्नाच्या आधीच उत्तर देऊन टाकायची. "आयशीचं नाव घेतलं की अर्धे गप बसतात," असे म्हणून ती हसायची. "उरलेल्यांनी तिच्याकडून उधारीवर बांगडे खाल्लेले असतात, ते तर मानच वर करत नाहीत."

खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पाऊल टाकायचे नाही, हेही तिचेच. आपल्याकडे दारात आलेल्याला पाण्याला विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. "ये गो बाय, पडवीत बस, ऊन काय कमी हाय?" असे म्हातारीने म्हटले तर त्यात माया असते. तेच वाक्य एकट्या घरातल्या पुरुषाने दाराला टेकून म्हटले, की त्यात काय असते ते कळायला वेळ लागतो, आणि तोवर आपण उंबऱ्यापाशी पोहोचलेले असतो. मला नाही म्हणता येत नसे. एकदा मी एका घरी पाणी प्यायला पडवीत गेले, तो सभ्य दिसणारा गृहस्थ आत जाऊन टॉवेलवर बाहेर आला. मी खाली मान घालून फुलपात्र ठेवले आणि निघाले. वाटेत माझ्या मनात सारखे येत होते, की आपण गेलोच का. त्याच्या मनात काय येत होते, कोण जाणे. लाज वाटायला हवी होती ती त्याला. पण तिने आपला पत्ता बिनचूक शोधला आणि ती माझ्याच घरी पोहोचली.

सकाळी पार्सले बांधताना आम्हा चौघींचा एक नेम होता. काल कुठे काय झाले, ते एकमेकींना सांगायचे. अमक्या वळणावर कुत्रा आहे. तमक्या दुकानापाशी दुपारी पिऊन बसलेली माणसे असतात. त्या निळ्या फाटकाच्या घरी जिना चढू नको, खालूनच हाक मार. रबरबँड ताणताना, सेलोटेपचा कर्र आवाज करताना हे बोलणे चालायचे. चेष्टामस्करीत, पण कुणी काही गाळत नसे. त्या टॉवेलवाल्याचे मी तिथे सांगितले होते. दर्शनाने त्याला असे एक नाव ठेवले, की मला शिकवताना कधी न आलेले हसू आले. त्या सकाळी मी चौघींतली एक होते.

आणि मग शिमगा आला.

शिमग्याला चाकरमानी मुंबईहून येतात आणि त्यांच्यामागोमाग त्यांची पार्सले. लहान मुलांच्या पिचकाऱ्या, कुणाचा टेबलफॅन, शिमग्यात घरोघर नाचत फिरणाऱ्या खेळ्यांसाठी घुंगरू, गोमूसाठी केसांचा टोप. गोमू म्हणजे खेळ्यांतला बाईच्या वेषात नाचणारा पुरुष. टोपाचे ते पार्सल मीच खालच्या वाडीत दिले होते. घेणारा निलेश, माझा जुना विद्यार्थी. त्याने मला ओळखले नाही. मी ‘ओटीपी’ म्हटले, त्याने आकडे सांगितले.

शिमग्यात रस्ते आडवतात हे नवे नाही. दोन माणसे दोन बाजूंना दोरी धरून उभी राहतात, ढोल वाजतो, गाडीवाल्याने पोस्त म्हणून हातावर काही टेकवले की दोरी खाली येते. लहानपणी वडिलांच्या मागे सायकलवर बसून मीही त्या दोरीखालून गेले आहे, आणि मला तो खेळ फार आवडला होता. तेव्हा माझ्यापुढे वडील होते.

त्या दुपारी खालच्या वाडीजवळचे वळण संपले आणि दोरी वर आली. सातआठ जण. रंगाने माखलेले. काळ्या वेषातला, उंच टोपीचा संकासुर. हिरवे लुगडे नेसलेला, डोक्यावर पदर घेतलेला गोमू.

"थांब थांब, पार्सलवाली आली. पोस्त दिल्याबिगर सोडायची नाय."

मी पाकिटातून नोट काढून पुढे केली. ती कुणीतरी घेतली, पण दोरी खाली आली नाही.

"तोंड तरी बघू. कुणाची गो तू?"

मी मान हलवली. त्यांनीही तशीच मान हलवून दाखवली. हशा झाला.

"तोंड नाय दाखवत म्हणजे पिच्चरमधली हिरोईन असणार."

"नायतर दाढी असेल. आमच्या गोमूची जाऊबाय."

कुणीतरी स्कूटरची चावी काढून घेतली. संकासुराने हातातला दोर माझ्या मागच्या सीटवर आपटला, मी दचकले, त्यावर ढोल वाजला. मग मानेच्या मागे, ओढणीच्या गाठीवर कुणाचातरी हात आला. माझ्या तोंडून तोवर शब्द निघाला नव्हता. निघाला तो असा: "कृपया मला स्पर्श करू नका."

शिमग्यात, त्या भर गोंगाटात, असे वाक्य बहुधा कुणीच उच्चारले नसेल. ढोल थांबला. गोमूने पदर मागे सारला.

"बाई?" निलेश म्हणाला. "बाई, तुम्ही?"

हात गाठीवरून निघाला. चावी माझ्या तळहातावर परत आली. ज्याने हात लावला होता, तो दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. "बाई, आम्हाला काय माहीत, तुम्ही आहात म्हणून," निलेश पुन्हा पुन्हा म्हणत होता. एक पुरुष बाईचे सोंग घेऊन इतका निर्धास्त उभा होता, आणि मी मूळचीच बाई, तोंड झाकून उभी होते. मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घरी ठाऊक नाही ना? दादांना? काळजी करू नका. आमच्यातला कुणी बोलणार नाही."

मी त्याला ‘धन्यवाद’ म्हटले.

या शब्दाशी मी वर्षभर थांबून आहे. पार्सले निवडताना, जेवताना, वहिनीबरोबर तांदूळ निवडताना तो मध्येच वर येतो. त्यांनी माझी वाट अडवली, हे ते कुणाला सांगणार नव्हते; मी पार्सले वाटते, हेही सांगणार नव्हते. एकाच पुडक्यात दोन्ही गोष्टी बांधल्या गेल्या आणि मी ते पुडके आभार मानून घेतले. ‘तुम्ही आहात हे माहीत नव्हते’ या वाक्याचा अर्थ काय होतो, ते कळायला अर्थनिर्णयाचे शास्त्र लागत नाही. दुसरी कुणी असती, तर चालले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलोटेप ओढत दर्शनाने विचारले, "काय बाई, पुलापलीकडे काय विशेष?"

"काही नाही," मी म्हटले. "ऊन फार आहे."

उन्हाचेच निमित्त करून मी ऑफिसातल्या साहेबांकडून शहरातला रस्ता मागून घेतला. पुलापलीकडचा रस्ता दर्शनाला मिळाला. ती खूश झाली. तिला समुद्राकडेने जाणारे ते वळण आवडायचे. हे मी शांतपणे लिहीत आहे असे वाटत असेल तर तसे नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडले आहे.

दर्शनाला शिव्या देण्यात कुणी हरवले नसते. तिसऱ्या दिवशी त्याच वळणावर तिच्यापुढे दोरी वर आल्याबरोबर तिने त्या सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. परंतु शिमग्यात शिवीला शिवीचा अर्थ उरत नाही. होळीभोवती बोंब ठोकून फाका घालायच्या, एकमेकांच्या नावाने अचकटविचकट ओरडायचे, आणि कुणी रागवायचे नाही, अशी या दिवसांची मुभा असते. तिच्या प्रत्येक शिवीला त्यांनी ढोलावर टिपरी मारून दाद दिली. ती खरोखरच संतापली आहे, हे त्यांना कळले नाही, किंवा कळून घ्यायचे नव्हते. ती जितकी ओरडली, तितकी ती त्यांच्या खेळात ओढली गेली. रंग लावायला म्हणून हात पुढे आला आणि तो रंगापुरता राहिला नाही. तिने हिसका दिला, स्कूटर आडवी झाली, तापलेल्या सायलेन्सरखाली तिची पोटरी सापडली. तेव्हा कुठे ढोल थांबला.

मी सभ्य भाषेत नाही म्हटले आणि सुटले, ते भाषेमुळे नव्हे, घरामुळे. तिने तिच्या भाषेत नाही म्हटले, ते कुणाला ऐकूच गेले नाही. एक अख्खा महिना आमच्याकडे बाईला नाही म्हणायला शब्द शिल्लक राहत नाही. हे मला अगोदर कसे सुचले नाही? मी तर भाषा शिकवत होते.

मग जे होते तेच झाले. "बाईमाणूस आता शहराबाहेर नको," साहेब म्हणाले. वाईट बुद्धीने नाही. ते खरेच घाबरले होते. पुलापलीकडचे, सड्यावरचे, खाडीकडचे सगळे रस्ते पुरुषांकडे गेले. शहरात दोघींपुरतेच काम उरले, ते बाकीच्या दोघींना मिळाले. दर्शनाला आणि मला पार्सले निवडायला टेबलावर बसवले. घरी सांगितलेले माझे खोटे अशा रीतीने खरे ठरले, आणि मला किती हायसे वाटले हे लिहायला हात रेटत नाही. मला तोंड बांधावे लागेना. दर्शनाची पोटरी हळूहळू बरी झाली. कातडी मात्र बोंडूच्या सालीसारखी चकचकीत आणि लालसर राहिली. ती टेबलाखाली पाय हलवत बसे. बाहेर एखादी स्कूटर सुरू झाली की तिची मान वर होई.

या वर्षी पुन्हा पातेरा वाजू लागला, तेव्हा तिने मला सांगितले, की शिमगा झाला की ती काम सोडणार. आई म्हणते, बस माझ्याबरोबर मासळी घेऊन. "वाईट नाय ते काम," ती म्हणाली. "पण बसूनच करायचं. मी काय बसायला नाय आलेली. गाडी चालवायला आलेली." पुन्हा गाडीवर पाठवा, असे तिने साहेबांना विचारले होते. साहेब म्हणाले होते, गावाने जबाबदारी घेतली तर बघू. त्यांच्या एकट्याच्या जिवावर ते पोरींना पाठवणार नव्हते.

"बाई, तुमचं गाव ना ते," दर्शना म्हणाली. "तुम्ही विचारा."

मी म्हटले, "मला कोण विचारतं गावात?"

ती पार्सलांवरची नावे वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "मला धरलं तेव्हा एक जण बोलला, ‘परवा आमच्या बाईंना सोडलं, त्या आमच्या गावच्या. तू कुणाची?’ मी आयशीचं नाव सांगितलं. ते हसले."

सेलोटेपचा आवाज थांबला होता. तिला ठाऊक होते. गेले वर्षभर, माझ्या शेजारी बसून, माझ्या डब्यातली भाजी खाताना तिला ठाऊक होते.

"तू बोलली नाहीस," मी म्हटले.

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," ती म्हणाली.

आमच्या ग्रामदेवतेची पालखी शिमग्यात घरोघर येते. यंदा ती आमच्याकडे आली, तेव्हा उन्हे कलली होती. वहिनीने खळे सारवले होते. पाटावर पालखी टेकली, बायकांनी देवीची ओटी भरली, आरती झाली. पालखीबरोबरच्या गर्दीत खालच्या वाडीचे सगळे होते. त्यांचे चेहरे रंग नसल्यामुळे फार साधे, फार ओळखीचे वाटत होते. निलेश खांदेकऱ्यांत होता. त्याने मला नमस्कार केला.

पालखीपुढे प्रत्येक घराचे गाऱ्हाणे घालतात. घरातल्याने मागणे सांगायचे, मानकऱ्याने ते देवीपुढे मांडायचे आणि जमलेल्या पुरुषांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. एरवी शिमग्यात काय वाटेल ते बोलावे, पण या ‘व्हय’ला फिरवता येत नाही. देवीपुढे एका तोंडाने हो म्हटलेले मोडायचे, तर गावाला तोंड उरत नाही. त्या महिन्यातले चेष्टेत न निघणारे बोलणे हे एवढेच. दादाने नेहमीचे मागितले: आंबा टिकू दे, घरात सुख असू दे. वामनकाका मानकरी. त्यांनी ते मांडले. व्हय म्हाराजा. मग नारळ हातात घेऊन त्यांनी रीत म्हणून विचारले, "आणिक कुणाचं काय?"

"माझं आहे," मी म्हटले.

आवाज इतका बारीक निघाला, की काकांनी हात कानामागे नेला. "काय गो, शरयू?"

"पार्सलं घेऊन ज्या मुली या रस्त्याने येतात, त्यांची वाट कुणी अडवू नये. त्यांच्या अंगाला कुणी हात लावू नये."

कुणीतरी खोकले. वामनकाकांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "कुणाच्या पोरी? नाव लागतं. देवीला मोघम चालत नाय."

"दर्शना," मी म्हटले. "मिरकरवाड्याची. सुमन मासेवालीची." आणि मग, दादाकडे न पाहता: "आणि शरयू. मास्तरांची. मागच्या शिमग्यात आम्हा दोघींना खालच्या वळणावर अडवलं. तिच्या पायाला भाजलं."

दादाची नजर माझ्या गालावर ऊन पडावे तशी जाणवत होती. मी पालखीच्या गोंड्याकडे पाहत राहिले. काकांनी नारळ पालखीपुढे ठेवला. मग त्यांनी डोळे मिटले आणि खर्जातल्या आवाजात सुरुवात केली: "आई म्हाराजा, ह्या घरची तुझी लेक शरयू आणि मिरकरवाड्याची तुझी लेक दर्शना, कामाधंद्याला ह्या वाटेनं येतील जातील. ह्या गावचा कुणी त्यांच्या आडवा आला असेल, तर ती चूक ह्या गावची. पुन्हा कुणी आडवा येता कामा नये."

कुणी काही बोलले नाही.

पहिला ‘व्हय म्हाराजा’ आला तो दाराआडून, वहिनीचा. बायका गाऱ्हाण्यात बोलत नाहीत. काकांनी डोळे उघडून तिकडे पाहिले, मग गर्दीकडे पाहिले. तेव्हा एक आवाज आला, मग तीनचार, मग सगळे. आंब्याच्या गाऱ्हाण्याला होते तितके जोरात नाही, पण आले.

पालखी गेल्यावर दादा खळ्यातल्या खुर्च्या उचलू लागला. मी मागच्या दारी जाऊन दर्शनाला फोन केला. झाले ते सगळे सांगितले.

"सगळे व्हय बोलले?" तिने विचारले.

"बोलले."

"तो निलेश?"

"त्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला नाही. खोटं कशाला सांगू."

पाठीमागे तिच्या आईचे कुणाशीतरी भांडण चालले होते.

"बरं," ती म्हणाली. "साहेबांना सांगू. पण पहिल्या दिवशी तुमची गाडी पुढं. मी मागून येईन."

हे तिने विश्वासाने म्हटले की विश्वास नाही म्हणून, ते विचारण्याचा अधिकार मला नव्हता. मी हो म्हटले.